ढकलगाडी

लाँड्रीत त्याला सगळे मुकादम म्हणत. छातीवरच्या पट्टीवर सुपरवायझर असं छापलेलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. हॉस्पिटलांच्या चादरी, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, हॉटेलांचे टॉवेल असं सगळं तिथे ट्रॉल्या भरभरून यायचं. वाफेने छत सदा घामेजलेलं, आणि ड्रायरची घरघर एवढी की शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागे. मुकादमाचा आवाज त्यामुळे जो एकदा वर चढला तो खाली उतरायचं विसरला होता. कामाला मात्र माणूस पक्का. इस्त्रीच्या मोठ्या रोलरमध्ये चादर तिरकी जायला लागली की तो लांबून धावत येई, बाईच्या हातातून टोक ओढून घेई, सरळ करून आत सोडी आणि "असं" एवढंच म्हणून पुढे जाई. त्याची पाठ वळली की बायका एकमेकींकडे बघत. मागे वळून बघायची सवय त्याला नव्हती.

नाचाचं खूळ घरात आणलं ते मेहुणीने. बायकोची ही धाकटी बहीण पाळणाघर चालवायची आणि मोठ्या माणसांनाही त्याच सुरात हाकायची. एका सुट्टीच्या सकाळी येऊन तिने जाहीर केलं, की फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये साल्साचा क्लास निघालाय, आणि ताईने यायचंच आहे. ताई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. दिवसभर खुर्चीत बसून तिची पाठ धरायची, आणि चाला, हला, असं डॉक्टर सांगून थकले होते.

"जोडीने नाचतात ना ते?" मुकादमाने विचारलं.

"हो. पण जोडी घरून न्यावी लागत नाही भाऊजी. तिथे दर गाण्याला पार्टनर बदलतात. सगळे सगळ्यांबरोबर."

मुकादमाने हातातल्या पेपरची घडी घातली. "मग मीही येतो."

बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांनी नवऱ्याला आपल्याबरोबर काहीतरी करावंसं वाटलं, याचंच तिला अप्रूप. त्याच संध्याकाळी तिने त्याला चामड्याच्या तळाचे बूट घेऊन दिले, लाकडी फरशीवर पाय सरकावेत म्हणून. मुकादमाने ते मुकाट्याने पायात घातले. खरं सांगायचं तर बायकोचा हात परक्या पुरुषांच्या हातात जाणार हे त्याच्या पचनी पडलं नव्हतं. जाणारच असेल तर निदान आपल्या डोळ्यांसमोर जावा, एवढाच त्याचा हिशेब होता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. स्वतःशीसुद्धा तो ते पुटपुटल्यासारखंच बोलला होता.

क्लास घेणाऱ्या बाई ठेंगण्या, एका गुडघ्याला कायम पट्टा बांधलेल्या, आवाज खर्जातला. पुरुष चार डोकी आणि बायका दुप्पट, त्यामुळे मुकादम दारातून आत शिरला तेव्हा बाईंनी तोंडभर स्वागत केलं. बेकरीवाला होता, चष्म्याच्या दुकानाचा मालक होता, आणि नुकत्याच रिटायर झालेल्या पोस्टातल्या मावशी होत्या. या मावशी सगळ्यात आधी येऊन सगळ्यात पुढे उभ्या राहायच्या.

"लीड करणं म्हणजे काय ते एकदाच सांगते," पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या. "पुढची स्टेप कुठली हे लीड करणाऱ्याला ठाऊक असतं, समोरच्याला नसतं. म्हणून त्याने ते वेळेवर सांगायचं. हात वर केलात म्हणजे विचारलंत, वळणार का? ती वळली तर वळली. नाही वळली तर तुमचा बेसिक, म्हणजे साधं पुढे-मागे, चालू ठेवायचा. आणि तिच्या पाठीमागे कोण येतंय ते तुम्ही बघायचं, कारण तिला तिकडे डोळे नसतात."

मुकादमाने यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं. पुढची स्टेप आपल्याला ठाऊक, तिला नाही. बाकीचं वाफेत विरून गेलं.

मग तो झपाटल्यासारखा मागे लागला. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात मोबाइलवर व्हिडिओ बघायचा. घरी कपाटाचं दार धरून गिरक्यांचा सराव करायचा. दार बिचारं सांगितलं तसं वळायचं. बेकरीवाला अजून बेसिकमध्येच धडपडत होता, आपल्याच पायांना हसत होता, आणि तेवढ्यात मुकादम गिरक्या, दुहेरी गिरक्या, हातांच्या गाठी असं सगळं शिकून मोकळा झाला. क्लासमध्ये आपल्या तोडीचं कुणी नाही असं त्याचं मत झालं. पार्टनर निवडायची वेळ आली की बायका बेकरीवाल्याकडे का सरकतात, हे कोडं मात्र त्याला उलगडत नसे. लाँड्रीतलं त्याचं नाव मेहुणीने इथेही पोचवलं होतं. बाई अधूनमधून त्याच्या बाजूने जाताना म्हणायच्या, "अंगठा, मुकादम, अंगठा." गिरकीच्या वेळी तो पार्टनरचा हात अंगठ्याने दाबून धरायचा. बोटं सैल हवीत, तिचा हात त्यात फिरायला हवा, असं त्या सांगायच्या. तो तेवढ्यापुरता अंगठा उचलायचा. एवढ्याशा चुकीचा बाईंनी बाऊ केलाय असं त्याला वाटे.

एका गुरुवारी मधल्या सुट्टीत तो खाली गाडीत राहिलेला रुमाल आणायला गेला. परत येताना जिन्याच्या वळणावर पोचला, तर वरच्या खिडकीपाशी बायका वारा घेत उभ्या होत्या. त्यांना तो दिसत नव्हता.

"सुट्टीनंतर ढकलगाडी कुणाच्या वाट्याला?" एकीने विचारलं.

"माझ्या. मनगटाला आधीच पट्टी बांधून आलेय."

हशा पिकला. मेहुणीचं हसू तर त्यात लगेच ओळखू येत होतं. "नाव मीच ठेवलंय हं," ती म्हणाली. "लाँड्रीत ट्रॉल्या ढकलायची सवय ना, इथे आम्हाला ढकलतात. परवा मी भिंतीलाच जाऊन टेकले असते. ताई, तू कशी गं इतकी वर्षं?"

मुकादम एक पाय वरच्या पायरीवर ठेवून तसाच थांबला. आता बायको काहीतरी बोलेल, असं त्याला वाटलं. रागावेल, निदान चेष्टेत उडवून तरी लावेल.

"सवय होते," बायको म्हणाली.

तिचा आवाज साधा होता. पाणी आणलंस का, असं विचारावं तसा. पुढे विषय बदलला, कुणाच्या तरी सँडलचा बंद तुटल्याचं बोलणं निघालं, आणि मुकादम पावलांचा आवाज न करता पुन्हा खाली गेला. कानशिलं तापली होती. फर्निचरच्या दुकानातल्या आरशांमध्ये तो जागोजागी दिसत होता, रुंद खांद्यांचा, हातात रुमाल धरलेला, आणि एकाही आरशात त्याला आपल्याकडे बघवेना.

लाजेने माणूस नरम पडतो म्हणतात, पण मुकादमाची लाज आधी रागाच्या वाटेने गेली. तो घरात बोलेनासा झाला. बायकोने दोनदा विचारलं, बरं नाही का? त्याने "काही नाही" म्हणून विषय संपवला. मनात मात्र एकच चाललं होतं. ढकलतो काय? बरं. नाही ढकलत. आता हातच लावत नाही कुणाला, मग बघू कशा नाचता.

त्या रविवारी दुपारी हॉलमध्ये सगळ्या बॅचेसचं एकत्र नाचणं होतं. शिकवणं नाही, नुसती गाणी, आणि कुणीही कुणालाही विचारायचं. गर्दी चांगलीच झाली होती. मुकादम भिंतीला पाठ लावून उभा होता, तेवढ्यात पोस्टातल्या मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"या की. तुमच्याबरोबर गिरक्या बऱ्या होतात. बाकीचे घाबरतात मला फिरवायला."

तो गेला. पण त्याने हाताची नुसती टोकं दिली, मेल्यासारखी. मावशींना कळेना पुढे जायचं की मागे. त्यांनी दोनदा चाचपडून बघितलं, मग आपल्या आपण ठेका धरला आणि त्याच्याकडे बघून हसल्या, की होईल, चालू द्या. त्या हसण्याने तो आणखीच चिडला. नेमकी त्याच वेळी खिडकीपाशी त्याची नजर गेली. बायको बेकरीवाल्याबरोबर नाचत होती. बेकरीवाल्याचं काहीतरी चुकलं असावं, कारण दोघंही खळखळून हसत होती.

मुकादमाने हात वर केला. मावशी विश्वासाने वळल्या, चांगल्या जोरात, कारण त्यांना ठाऊक होतं की गिरकीच्या शेवटी तो हात असणार आहे. आणि मुकादमाने बोटं उघडली.

हात निसटला नव्हता, त्याने तो सोडला होता. पुढे कितीही वेळा त्याने ते स्वतःला दुसऱ्या तऱ्हेने सांगून बघितलं, तरी हा मधला अर्धा क्षण तसाच राहिला.

मावशींनी हवेत हात चाचपला. मागून एक जोडी येत होती, तिचा धक्का लागला, आणि त्या खुर्चीच्या कडेवर हात टेकत खाली गेल्या. काहीतरी बारीक वाजलं. गाणं थांबलं. सगळे भोवती जमले.

"काय झालं?" बाई पट्ट्याच्या गुडघ्याने लंगडत आल्या.

"माझंच चुकलं," मावशी दात आवळून म्हणाल्या. "मीच जास्त वळले."

बाईंनी मुकादमाकडे पाहिलं. नुसतं खरं बोलायचं होतं, दुसरं काही नव्हतं. सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे वळलेत असं त्याला वाटलं.

"त्या फार जोरात वळल्या," तो म्हणाला.

मेहुणी मावशींना घेऊन हॉस्पिटलात गेली. मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं. पुढच्या क्लासला बाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं की वयस्कर बायकांनी यापुढे गिरक्या घ्यायच्या नाहीत, साध्या स्टेप करायच्या. साठीला टेकलेल्या दोघीजणी होत्या, त्यांनी निमूट माना डोलावल्या. मुकादम मागच्या रांगेत बुटांच्या नाड्या बांधत बसला. नाड्या बांधलेल्याच होत्या.

लाँड्रीत त्या आठवड्यात त्याचं लक्ष लागेना. हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग आला की तो तिकडे पाठ फिरवायचा. एकदा रोलरपाशी चादर तिरकी गेली. सवयीने तो धावत गेला, बाईच्या हातातलं टोक धरलं, आणि तिने झटकन दोन्ही हात मागे घेतलेले त्याला दिसले. तापलेल्या तव्यावरून घ्यावेत तसे. ही बाई त्याच्या हाताखाली कितीतरी वर्षं होती. ती रोजच असे हात मागे घेत असणार. त्याने टोक तिला परत दिलं. ती गोंधळली. तोही गोंधळला, आणि उगाचच घसा खाकरून निघून गेला.

घरी जेवताना बायको म्हणाली, "मी बघत होते."

"काय?"

"त्या दिवशी. तुमचा हात. उघडलेला बघितला मी."

मुकादमाने घास खाली ठेवला. उलट वार करावा तसा तो म्हणाला, "आणि मी ऐकलं. जिन्यात. सवय होते म्हणालीस."

ती लाजेल, निदान गडबडेल, अशी त्याची अपेक्षा होती. तिने शांतपणे पाण्याचा पेला भरला.

"मग? खोटं काय आहे त्यात? लग्न झाल्यापासून रस्ता ओलांडताना तुम्ही माझं मनगट धरता. हात नाही, मनगट. मी गाडी बघितलेली असते, तरी ओढता. दुकानात मी एक वस्तू हातात घेतली की तुम्ही दुसरी घेऊन पिशवीत टाकता. मी चिडून नव्हते बोलले. विचारलं, म्हणून सांगितलं. खरंच सवय होते."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलले. सुरुवातीला." तिने ताटं उचलली. "त्या मावशींना तरी जाऊन भेटा."

सुरुवातीला ती काय बोलली होती, हे तो आठवत बसला. काही केल्या आठवेना. तिने सांगितलेलं विसरलो असतो तर एक वेळ चाललं असतं, पण आपण ते ऐकलंच नव्हतं हे त्याला हळूहळू उमगलं, आणि जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मावशींकडे जाताना त्याने संत्री घेतली. एका हाताने संत्रं सोलता येत नाही हे त्यांच्या दारात उभं राहून बेल वाजवल्यावर त्याच्या लक्षात आलं. मावशी एकट्याच राहायच्या. टेबलावर मोठ्या चित्राचे सुटे तुकडे पसरलेले होते आणि डाव्या हाताने त्या ते जुळवत होत्या.

"बसा. संत्री का? बरं झालं. सोला मग."

तो सोलायला बसला. सालीचे तुकडे उडत होते. अर्धं संत्रं सोलून झाल्यावर मान वर न करता तो म्हणाला, "मावशी, तुमचं चुकलं नव्हतं. मी हात सोडला. मुद्दाम."

"ठाऊक आहे."

त्याने वर पाहिलं.

"सोडलेला हात आणि सुटलेला हात कळतो की," मावशी म्हणाल्या. "माझाच होता ना हात."

"मग तुम्ही तिथे तसं का..."

"पडल्यावर तोंडातून तेच येतं. एवढ्या वर्षांची जीभ आहे, तिला तेवढंच पाठ. घरी आल्यावर मला माझाच राग आला. तुमचाही आला, पण माझा जास्त." त्यांनी चित्राचा एक तुकडा फिरवून बघितला, बसेना म्हणून बाजूला ठेवला. "का सोडलात?"

त्याने सगळं सांगितलं. जिना, नाव, बायकोचं बोलणं, खिडकीपाशी हसणारा बेकरीवाला. सांगताना त्याला ते इतकं फालतू वाटलं की मध्येच थांबावंसं वाटलं. म्हणजे या बाईचं मनगट एवढ्यावर मोडलं.

"मी काय करू आता?" त्याने शेवटी विचारलं.

"मला काय विचारता? पडायचं मी, आणि उपायही मीच शोधायचा?" मावशींचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग त्यांनी सोललेली एक फोड उचलली. "माझ्यामुळे बाकीच्या दोघींच्या गिरक्या बंद झाल्या म्हणे. सगळ्यांनी मला वेंधळी ठरवलंय. ते तेवढं जाऊन निस्तरा. बाकी मला तुमच्याकडून काही नको."

त्याने सगळी संत्री सोलून वाटीत ठेवली. निघताना मावशी दारापर्यंत आल्या नाहीत.

पुढच्या क्लासला बाई मोजायला सुरुवात करणार, तेवढ्यात तो पुढे झाला. लाँड्रीत ज्या आवाजात तो शंभर माणसांना ऐकू जायचा, त्या आवाजाचं त्या दिवशी काय झालं कोण जाणे.

"मावशी जोरात वळल्या नव्हत्या," तो म्हणाला. "मी हात सोडला. चिडून सोडला. आणि नंतर खोटं बोललो."

मागच्या बायकांना ऐकू आलं नाही. "काय म्हणाले?" एकीने विचारलं. त्याला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. पहिल्यापेक्षा ते दुसरं सांगणं जड गेलं.

बेकरीवाला बुटांकडे बघत राहिला. मेहुणीचा चेहरा पांढरा पडला होता. मावशींना हॉस्पिटलात घेऊन जाताना गाडीत तिने त्यांना सांभाळून वळायचा उपदेश केला होता. बायको बाकावर बसून सँडलचा पट्टा लावत होती. तिने मान वर केली नाही.

"बरं," बाई म्हणाल्या. "गिरक्या सगळ्यांनी घ्यायच्या, मी चुकीचं बोलले होते. आणि मुकादम, तुम्ही आता कुणाला लीड करायचं नाही. मी सांगेपर्यंत. शिकायचं असेल तर त्या रांगेत उभे राहा." त्यांनी बायकांच्या रांगेकडे बोट दाखवलं. "नसेल तर दार उघडं आहे."

दाराकडे त्याने पाहिलं, नाही असं नाही. मग तो जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. सगळ्यात उंच, हातांचं काय करावं ते न कळलेला. कुणीतरी हसू दाबलं.

त्या रांगेत तो पुष्कळ दिवस राहिला. चष्मेवाला त्याला इतक्या हळू धरायचा की काय म्हणायचंय तेच कळायचं नाही. बेकरीवाला मात्र चुकायचा, थांबायचा, "पुन्हा बघू का?" म्हणायचा, आणि त्याच्या हातात आपलं अंग सैल पडतं हे मुकादमाच्या ध्यानात आलं. ते कबूल करताना त्याला कडू औषध प्यायल्यासारखं झालं. पुरुष कमी म्हणून मेहुणीही लीड करायला शिकत होती. पहिल्या दिवशी तिने त्याचा हात घट्ट आवळला.

"भाऊजी, अंगठा लागतोय?"

"लागतोय."

तिने अंगठा काढला. जरा वेळाने खाली बघत म्हणाली, "ताईने सांगितलं, तुम्ही ऐकलंत ते. नाव ठेवलं त्याबद्दल काही वाटलं नव्हतं मला. ताईसमोर बोलायला नको होतं पण."

"नाव बरोबरच होतं," तो म्हणाला.

एकदा बॅचमध्ये एक नवा माणूस आला, व्यायामशाळेत शिकवणारा, दंडाचे गोळे शर्टात न मावणारा. त्याने आल्या आल्या मुकादमाचा हात डोक्यावरून असा फिरवला की खांद्यात कळ गेली. दुसऱ्या वेळी हात वर गेला तेव्हा मुकादमाचे डोळे आपोआप मिटले, मान आत गेली. पाय चुकला आणि तोंडातून निघालं, "सॉरी, माझंच चुकलं."

ऐकून त्याचं त्यालाच चर्र झालं. तो पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेला, आणि जिन्यात रेलिंग धरून बराच वेळ उभा राहिला.

दरम्यान बायकोने आपली बॅच बदलली. स्वयंपाकघरात भांडी पुसताना तिने ते सांगितलं. "मंगळवारी जाणार आहे मी. एकटी. मला काही दिवस दुसऱ्यांबरोबर शिकायचंय."

बेकरीवालाही मंगळवारी जायला लागलाय हे मुकादमाला ठाऊक होतं. "जा की," तो म्हणाला. "माझी काही हरकत नाही."

"हरकत विचारली नव्हती," ती म्हणाली. "सांगितलं फक्त."

"हो," तो म्हणाला. मंगळवारी ती तयार होऊन निघाली की तो टीव्ही लावायचा आणि आवाज बंद ठेवायचा. काय चाललंय ते बघायचा नाही. ती येऊन गुणगुणत सँडल काढायची. कसं झालं, असं विचारायला त्याची जीभ रेटायची नाही, कारण आपण हे कौतुकाने विचारतोय की चौकशी करतोय, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

मावशींचं प्लास्टर निघालं. त्यांचा हात पूर्वीसारखा वळेना, पण त्या यायला लागल्या आणि पुन्हा पुढे उभ्या राहू लागल्या. मुकादमाला बघितलं की मान हलवायच्या. त्याच्याबरोबर त्या पुन्हा नाचल्या नाहीत. त्यानेही विचारलं नाही.

बाईंनी त्याला लीड करायची परवानगी दिली ती कुठल्याही समारंभाशिवाय, जाता जाता. त्यानंतरच्या एका रविवारी दुपारच्या नाचाला तो गेला आणि भिंतीपाशी उभा राहिला. गाण्यामागून गाणी झाली. कुणाला विचारायचा धीर होईना. ज्या बायकांकडे बघावं, त्यांच्या मनगटांकडेच आधी लक्ष जायचं. निघावं असा विचार करत असताना बायको समोर आली. कपाळावर घाम, केस मागे बांधलेले.

"चला," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला, तिने आपला त्यावर ठेवला. तो नुसता बेसिक करत राहिला. पुढे, मागे, बाजूला. आजूबाजूच्या जोड्या फिरत होत्या, आणि हे दोघं शाळेतल्या पोरांसारखे जागच्या जागी. त्याला मान वर करून तिच्याकडे बघवेना. तिच्या खांद्यावरच्या शिवणीकडे तो बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने हात वर केला, अगदी थोडा. तिचा खांदा ताठला. डोळे मिटले गेले. कुठे बघायचं हे ठाऊक असल्यामुळे त्याला ते दिसलं, आणि इतकी वर्षं ते तिथेच होतं, हेही कळलं. त्याने हात पुन्हा खाली आणला आणि बेसिक चालू ठेवला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. नको असेल तर नको."

दुसऱ्यांदा त्याने हात वर केला तेव्हा ती वळायला लागली, अर्ध्यावर थांबली, त्याच्याकडे पाठ करून. ओढलं असतं तर ती झर्रकन पूर्ण वळली असती. त्याने ओढलं नाही. ठेका पुढे निघून गेला. मागून एका जोडीचा धक्का त्याला लागला, तो त्याने पाठीवर घेतला. गर्दीच्या मध्यभागी हात वर धरून उभा राहिलेला एवढा मोठा माणूस सगळ्यांना दिसत असणार, हे त्याला कळत होतं आणि कानापर्यंत रक्त चढलं होतं. हात त्याने तसाच ठेवला, बोटं सैल.

ती आपल्या वेळेने वळली. समोर आली तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि ती हसत मात्र नव्हती.

"हे गाणं संपलं की मी बेकरीवाल्यांबरोबर नाचणार आहे," ती म्हणाली. "त्यांना आधीच सांगितलंय."

"बरं."

"तोवर आणखी एकदा करून बघा."